गेमच्या पेटीतला पंखा

पिंपळगाव राजातल्या शाकिर मिस्त्रीच्या तोंडून "हे होत नाही" असं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याची बायको जहांआरा म्हणायची, वरच्यानं या माणसाला सगळं दिलं, 'नाही' हा एक शब्द तेवढा द्यायचा विसरला. कुणी आजोबाच्या लग्नातला रेडिओ आणो, कुणी जळका मिक्सर, कुणी बँडपार्टीचा फाटका भोंगा. शाकिर ती वस्तू आधी कानाशी नेणार, दोनदा हलवणार, आत काय खुळखुळतं ते डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, ठेवून जा. झालं, माणूस निश्चिंत. मग ती वस्तू आठ दिवसांनी मिळो की आठ महिन्यांनी, मिळायची ती चालू होऊनच.

कान त्याला बापाकडून आलेला. अब्बा खामगावच्या एका जिनिंगात फिटर होते. रुईच्या धुळीत, सगळ्या यंत्रांच्या गदारोळात उभं राहून कोणतं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे, आणि चार दिवसांत ते जायचंच. शाकिर दहावीला दोनदा आपटला तेव्हा अब्बांनी त्याला बडवला नाही. पेचकस हातात दिला आणि म्हणाले, आता हीच तुझी शाळा. तेव्हापासून बसस्टँडसमोरच्या पत्र्याच्या दुकानात तो जो बसला तो बसलाच. खुर्चीवर कधी नाही, पोत्यावर. स्क्रू डबीत ठेवायचे सोडून ओठांत धरायचा, त्यामुळं गिऱ्हाइकानं काही विचारलं की नुसता हूं हूं करायचा. लोकांना वाटायचं, मिस्त्री भाव खातो. अहो, भाव कसला खातो, तोंडात सहा स्क्रू असायचे त्याच्या.

आता पंपांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बीटी कपाशी आली तेव्हा लोकांनी फवारणीचे पंप गोठ्यात खुंटीला टांगून दिले होते. अळी आपोआप मरणार, मग फवारायचं काऊन, असा सगळा थाट. चार-सहा वर्षं बरी गेली. मग मावा आला, तुडतुडे आले, पांढरी माशी आली, आणि शेवटी जिच्या भीतीनं हे बियाणं घेतलं ती बोंडअळीच माहेरवाशिणीसारखी परत येऊन बसली. पंप खुंटीवरून उतरले. तोवर हातानं दांडा मारायचे पंप मागं पडून बॅटरीचे आले होते. पाठीवर टाकी, तळाला बॅटरी आणि छोटी मोटर, बाजूला एक काळं गोल बटन. डावीकडं फिरवलं की मोटर हळू, उजवीकडं फिरवलं की जोरात. आषाढापासून दसऱ्यापर्यंत शाकिरच्या दुकानापुढं या पंपांची रांग असायची.

बोंडअळीच्या त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा शेंड्याला पोचत नव्हता. पहिल्यांदा वामनराव आले. गावातला मोठा शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. म्हणाले, शाकिर, याचा जोर वाढवून दे. शाकिरनं बटन काढलं, चालू-बंदचा स्विच तेवढा ठेवून बॅटरीची वायर सरळ मोटरला जोडली आणि दाबाचा स्क्रू शेवटापर्यंत पिळला. मिस्त्री लोक याला डायरेक्ट करणं म्हणतात. पंप किंचाळायला लागला, आणि नळीच्या तोंडातून थेंब पडायचे सोडून धुकं निघायला लागलं. ते धुकं शेंड्याच्याही वर जायचं. वामनराव खूश, बघणारे खूश. दोन दिवसांत गावभर झालं आणि जो तो माह्याबी डायरेक्ट करून दे म्हणत दुकानाशी येऊ लागला. काढलेली बटनं शाकिर बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा, कारण चालू वस्तू फेकणं त्याच्या जिवावर यायचं. पोळ्यापर्यंत तीस-चाळीस बटनं जमली. त्यातलं एक इंद्रभानच्या पंपाचं होतं.

इंद्रभान म्हणजे शाकिरचा बाकावरचा दोस्त. दहावीला दोघं एकाच साली आपटले, त्यामुळं दोस्ती आणखीच घट्ट. तीन एकर कोरडवाहू, एक मुलगी, आणि हातात असा गुण की त्यानं तिफण धरली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, दोरी लावल्यासारखं सरळ निघायचं. पेरणीच्या दिवसांत लोक त्याला घरून बोलावून न्यायचे. आणि तोही जायचा, मिशीवरून हात फिरवत, जसं काही लग्नाला चाललाय.

त्या भादव्यात वारा पार थांबला होता. इंद्रभान दोन दिवस डोक्यावर गेलेल्या कपाशीत डायरेक्ट पंप पाठीवर घेऊन फिरला. तोंडाला उपरणं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन बसला आणि आडवा झाला. तोंडाला फेस आला होता. जीपमध्ये घालून अकोल्याला नेला तेव्हा त्याचं डोकं शाकिरच्या मांडीवर होतं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर कागदावर लिहून घेत होता, कारण त्या हंगामात असे बरेच पेशंट येत होते. त्यानं विचारलं, पंप कसा होता, फवारा जाड की बारीक? इंद्रभानची बायको कोकिळा म्हणाली, बॅटरीचा, साधाच. शाकिर तिच्या बाजूला उभा होता. त्या वेळी त्याच्या तोंडात एकही स्क्रू नव्हता, तरी तो काही बोलला नाही.

वीस दिवसांनी इंद्रभान घरी आला. जीव वाचला, पण हात गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण पाण्याचा पेला धरला की अर्धं पाणी सदऱ्यावर. पायातही बळ नव्हतं. शाकिरनं त्या दिवसापासून एकही पंप डायरेक्ट केला नाही. कुणी मागितलं तर वायर संपली, मोटर जळेल, काहीबाही सांगायचा. पण केलेले पंप परत मागवायचे तर लोक काऊन म्हणून विचारणार, आणि त्याचं उत्तर द्यायचं त्याच्यात बळ नव्हतं. तो स्वतःची समजूत काढायचा की औषधच जहर होतं, कपाशी उंच होती, वारा पडला होता. हे सगळं खरंच होतं म्हणा. तरी जहांआरापुढं त्यानं हे एकदाही बोलून पाहिलं नाही.

दर जुम्म्याला नमाज झाली की तो इंद्रभानकडं जायचा. आज सांगायचंच असं ठरवून जायचा, कोकिळाच्या हातचा चहा प्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि परत यायचा. असे अकरा महिने गेले.

इंद्रभानची मुलगी अश्विनी पुण्याला एका कंपनीत कामाला होती. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाईनं तिला बजावलं होतं की बापाची बोटं चालती ठेवा, बारीक बारीक कामं करायला लावा, नाही तर आखडून बसतील. एक रबरी चेंडू दाबायला दिला होता. इंद्रभाननं तो दोन दिवस दाबला आणि हे काय लेकराचं काम म्हणून माळ्यावर फेकून दिला. मग राखीच्या सुट्टीत अश्विनी आली ती एक काळी पेटी घेऊन. गेमची मशीन. मैत्रिणीच्या भावानं वापरून सोडलेली, आत वेगळी चिप बसवलेली, म्हणजे कॉपी केलेल्या सीडीसुद्धा तिच्यात चालायच्या. तिनं ती टीव्हीला जोडली आणि दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा रिमोट बापाच्या हातात दिला.

खेळ शेतीचा होता. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं. इंद्रभान थोडा वेळ बघत राहिला आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसला. तन नाही, डुक्कर नाही, अळी नाही, कोन्या मुलुखातली शेती हाय हे, असं म्हणाला. पण पहिलं तास मारलं ते नागिणीसारखं वाकडं आलं, आणि तिथं त्याचं हसू संपलं. तिफणीवरचा माणूस तो, त्याला वाकडं तास कसं सोसणार? त्यानं ते मोडलं आणि पुन्हा मारलं. दिवसभर तेच. अश्विनी पुण्याला परत गेली तरी हा आपला दातांत जीभ धरून ट्रॅक्टर हाकतोय.

आणि मग पावसानं उघाड दिली. कडक ऊन पडलं, खालून ओल, वरून पत्रे. घर म्हणजे भट्टी झाली. पेटी दहा मिनिटं चालायची आणि आपोआप बंद पडायची. नांगरलेलं सगळं जायचं. जुम्म्याला शाकिर गेला तेव्हा इंद्रभान रागानं लाल झाला होता. "अर्धा एकर नांगरलं होतं बे," तो म्हणाला, "वाऱ्यावर गेलं."

शाकिरला तो राग बघून बरं वाटलं. दुखण्याबद्दल कधी हूं की चूं न केलेला माणूस आज चिडला होता, आणि चिडून रिमोट घट्ट धरून बसला होता. शाकिरच्या मनात आलं, या पेटीनं याचे हात परत आले तर काय पाहिजे. आणि खोटं कशाला सांगू, हेही मनात आलं की हात परत आले तर ती गोष्ट सांगायची पाळीच येणार नाही. त्यानं पेटी कानाशी नेली, हलवली आणि म्हणाला, घेऊन जातो.

दुकानात उघडून बघतो तर आतला पंखा मरणाऱ्याच्या श्वासासारखा फिरत होता. चिपच्या केसाएवढ्या वायरी बाजूला करून पाहिलं, तेव्हा दिसलं की पंख्याची लाल वायर मध्येच कापून कुणी तरी एक रेझिस्टर टाकलाय. कारण शाकिरला लगेच समजलं. पुण्यातल्या त्या पोराला खोलीत पंख्याचा आवाज नको होता, म्हणून त्यानं बारा व्होल्टचा पंखा पाचावर आणून ठेवला होता. तिथल्या हवेत चाललं असेल. इथं पिंपळगावात पत्र्याखाली अंडं ठेवलं तरी उकडेल, इथं काय चालणार? शाकिरनं रेझिस्टर काढला आणि वायर सरळ जोडून टाकली. डायरेक्ट. पंखा पुऱ्या बारा व्होल्टवर किंचाळत फिरायला लागला. तो आवाज शाकिरच्या कानाला ओळखीचा वाटला होता, पण त्यानं ओळख दाखवली नाही. पेटी बंद करून स्कूटरवर टाकली आणि इंद्रभानकडं नेली.

बारा व्होल्टची छोटी मोटर पुऱ्या जोरात फिरली की कुठंही बसवा, आवाज एकाच जातीचा काढते. पेटी चालू झाली, पंखा चढत चढत गेला आणि इंद्रभानच्या हातातून रिमोट खाली पडला. हात थडथड उडायला लागले. कपाळावर घाम. एक हात आपसूक खांद्याकडं गेला, उपरणं शोधतात तसा, आणि मग त्यानं तोंडावर पंजा दाबून धरला. बंद कर, बंद कर, एवढंच तो म्हणत राहिला. शाकिरनं प्लग उपटला. कोकिळा चुलीपाशी होती, ती धावत आली आणि नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शाकिरला वाटलं, जमिनीनं आत घ्यावं.

पुढचे तीन दिवस त्याला दुसरं काम सुचलं नाही. सहा व्होल्टवर ठेवावा तर पेटी पंधरा मिनिटांत बंद. नऊवर ठेवावा तर इंद्रभानचे हात उडतात. सातवर सकाळी बरं चालायचं, पण दुपारी पत्रे तापले की फिस्स. ऊन तासातासाला बदलतं, तर एकच आकडा धरून कसं भागणार? पंखा कमी-जास्त करता आला पाहिजे, तोही इंद्रभानला बसल्या जागी, त्याच्या स्वतःच्या हातानं. आणि असं कमी-जास्त करायला काय लागतं हे शाकिरला चांगलं माहीत होतं. बिस्किटाचा डबा फळीवर होता. एक अख्खा दिवस त्यानं त्या डब्याकडं पाठ करून काढला. खामगावहून दुसरं काही मागवता येईल का याचाही विचार केला, पण हातात असलेली चालू वस्तू सोडून दुसरं मागवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी डबा काढला.

पंपाचं बटन जोडल्यावर पंखा किरकिर करायला लागला. मग एक कंडेन्सर टाकला, तेव्हा तो शांत झाला. पेटीच्या बाजूला भोक पाडून बटन बसवलं. मध्यावर ठेवलं की मीटरवर आठ व्होल्ट दिसायचे, डावीकडं पाच, उजवीकडं बारा. काम असं साफ उतरलं होतं की एरवी शाकिरनं चार जणांना बोलावून दाखवलं असतं.

जुम्म्याची नमाज झाली आणि तो पेटी घेऊन गेला. कोकिळा घरात नव्हती. दळणाला गेली असेल असं त्याला वाटलं. त्यानं इंद्रभानला समजावून दिलं की पेटीवर हात ठेवून पाहायचा, तापली की उजवीकडं, आवाज सोसेना की डावीकडं. इंद्रभाननं अंगठा आणि दोन बोटांनी बटन धरलं. बोटं थरथरत होती. तरी त्यानं हळूहळू फिरवलं, पंखा चढला तसा त्याचा चेहरा आवळला, त्यानं थोडं मागं घेतलं, पुन्हा थोडं पुढं, आणि एका जागी थांबला. इथं चालते, म्हणाला. मग खेळायला बसला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, पेटी बंद पडली नाही. मधे दोनदा त्यानं स्वतःच बटन फिरवलं. आणि मग एक तास मारलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी दोरीत नाही, पण पाहणाऱ्याला सरळ म्हणता येईल असं. शाकिरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आनंदानं आलं.

इंद्रभाननं रिमोट मांडीवर ठेवला आणि पेटीकडं बघितलं.

"हे तं पंपाचं बटन हाय," तो म्हणाला.

"हाव."

"कोनाच्या पंपाचं?"

साधा प्रश्न होता. काहीबाही सांगून मोकळं होता आलं असतं. पण इंद्रभान त्याच्याकडं इतक्या भाबडेपणानं बघत होता की शाकिरच्या तोंडून खोटं निघेना. त्यानं सगळं सांगितलं. वामनरावांपासून सुरुवात करून डब्यापर्यंत, त्यात इंद्रभानचंही बटन पडलंय इथपर्यंत. धुकं जितकं बारीक तितकं ते नाकातोंडात, छातीत जातं, हे आपल्याला कळायला पाहिजे होतं, हेही सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा आपण गप्प राहिलो, तेही. टीव्हीवर ट्रॅक्टर वावराच्या मध्यात तसाच उभा होता.

"म्याच म्हनलं होतं तुले डायरेक्ट कर म्हनून," इंद्रभान म्हणाला.

"म्हनलं होतं. पन तू शेतकरी होता. मिस्त्री मी होतो."

इंद्रभाननं पेटीवरच्या बटनावर बोट ठेवलं. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर शाकिरनं त्या खाली मान घालून घेतल्या असत्या. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"म्हंजे माह्या पंपाले आता बटन नाई," तो म्हणाला. "अजून तसाच हाय तो?"

"तसाच असंन. खुंटीवर हाय नं?"

इंद्रभान भिंतीला धरून उठायला लागला. पाय साथ देत नव्हते. "शाकिर," तो म्हणाला, "पंप कोकिळाच्या पाठीवर हाय. आज चवथा दिवस."

शाकिरला हे स्वप्नातही आलं नसतं. आपल्याकडं फवारणीत बाई पाणी वाहते, पंप पाठीवर घेतो तो गडी. पण उघाड पडली तशी सगळ्या गावानं एकदम फवारणी काढली होती आणि एकही गडी मोकळा नव्हता. कोकिळानं चार दिवस वाट पाहिली आणि शेवटी पंप स्वतःच उचलला. गावात कुणी नावं ठेवतील म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं.

शाकिरनं स्कूटरला किक मारली. नदीपलीकडच्या वावरापाशी पोचला तेव्हा आधी आवाज ऐकू आला, तीच किंचाळी, त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेली. कोकिळा दिसत नव्हती. कपाशीच्या वर फक्त पांढरं धुकं हळूहळू सरकत होतं. तो रुमाल तोंडाला बांधून आत घुसला, मागून जाऊन पंपाचा स्विच बंद केला आणि तिला हाताला धरून धुऱ्यावर आणली. ती दचकली, भांबावली. घरी काही झालं का म्हणून विचारत राहिली. त्यानं आधी तिला ड्रममधल्या पाण्यानं हात, तोंड, मान धुवायला लावलं. डोळे लालभडक झाले होते. कालपासून झोंबतात, ती म्हणाली, मला वाटलं उन्हानं.

मग शाकिरनं तिला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण ते पहिल्यापेक्षा जड गेलं. कोकिळा ऐकत होती आणि तिचा चेहरा दगड होत होता.

"डॉक्टरनं पुसलं तवा तुमी माह्याजवळ उभे होते, शाकिरभाऊ," ती म्हणाली. "अन् मी साधा पंप म्हनून सांगतलं. अकरा महिने तुमी माह्या हातचा चहा पेले."

शाकिर तिथंच ढेकळांत बसून रडला. आडोसा घेतला नाही, तोंड लपवलं नाही. कोकिळानं त्याची समजूत काढली नाही, आणि का काढावी? तिला राग आला होता आणि तो राग खरा होता. तिनं वाट पाहिली, त्याचं रडणं थांबलं तसं विचारलं, असे पंप किती? तीस-चाळीस, तो म्हणाला. तिनं मान वर करून चारी बाजूंना बघितलं. उघडीप होती. आजूबाजूच्या सगळ्या वावरांतून तसाच आवाज येत होता. आतापर्यंत दोघांनाही तो ऐकू आला नव्हता.

तिनं पंपातलं उरलेलं औषध तसंच टाकीत ठेवून झाकण आवळलं आणि पंप उचलून स्कूटरच्या पुढ्यात ठेवला. बटनं परत बसवायला एकटे गेलात तर तुमचं कुणी ऐकणार नाही, म्हणाली. शाकिर म्हणाला, आधी दवाखाना. त्यावर तिनं वाद घातला नाही. गावातल्या दवाखान्यात डोळे धुऊन घेतले, डॉक्टरनं तपासलं, दोन दिवस वावराचं नाव काढू नका असं सांगितलं. मग शाकिरनं दुकानातून तो डबा घेतला, आणि दोघं वामनरावांच्या वावरावर गेली.

वामनराव धुऱ्यावरच्या निंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांचा गडी भाऊराव आत कपाशीत फवारत होता. शाकिरनं काय करायचंय ते सांगितलं. वामनरावांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, बोंडअळी दारात उभी आहे आणि तू पंप हळू करायला निघालास? शेंड्याला फवारा कोण पोचवणार, तू? आणि माझ्या वावरात एवढे दिवस काही झालं नाही ते आताच काय होणार? शाकिर पुन्हा सांगू लागला, त्यांनी हातानं उडवून लावलं.

तेव्हा कोकिळा पुढं झाली. थोरामोठ्यांपुढं ती कधी बोललेली नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं सरळ केला, डोळे तसेच लाल होते.

"आमच्या घरी त्यायले दोन टाइम घास मले भरवा लागते," ती म्हणाली. "भाऊरावले कोन भरवन, तेवढं ठरवून ठेवा. मंग आमी जातो."

वामनरावांनी कपाशीकडं बघितलं. कपाशीतून पंपाचा आवाज येत होता, धुकं त्यांच्याच बाजूला सरकत होतं. ते खाटेवरून उठले, धुऱ्याच्या कडेपर्यंत गेले आणि भाऊरावला बाहेर ये म्हणून हाक मारायला लागले. पंपाच्या आवाजात त्याला ते ऐकू जात नव्हतं, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा हाक मारावी लागली.